फारूखच्या कानात

त्या सोमवारी क्रांती चौकात फारूख बसमध्ये चढला, माझ्याकडे त्यानं पाहिलं, ओळखीची मान हलवली आणि माझ्या शेजारची जागा सोडून तो तीन रांगा पुढे जाऊन बसला. एवढंच झालं. कंपनीची बस, पहिली पाळी, सकाळचे सहा वाजून गेलेले, निम्मे लोक पेंगत होते; कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण मी शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवला होता. पुंडलिकनगरला मी चढतो, क्रांती चौकात तो चढतो, आणि मधल्या थांब्यांवर जो कुणी टेकायला बघेल त्याला मी सात वर्षं सांगत आलो होतो की ही फारूखची जागा आहे. अठरा दिवसांच्या रजेनंतर तो आज येणार हे मला माहीत होतं, म्हणून आज तर रुमाल जरा जास्तच नीट पसरला होता. बस सुटली. मी रुमाल उचलला, घडी घातली, खिशात ठेवला, पुन्हा काढला आणि उगाच कपाळ पुसलं. पुढे फारूखचं डोकं दिसत होतं, मागून विरळ झालेलं, आणि त्याचा उजवा कान. तो कान मला बघायचा नव्हता. बाबा पंप गेला, नगर नाका आला, तरी माझी नजर तिथून हलेना.

त्या कानात मी अठरा दिवसांपूर्वी कलमा म्हटला होता. मुसलमान माणूस शेवटच्या घटका मोजत असला की त्याच्याजवळ बसून म्हणतात, तसा. आणि फारूख मरत नव्हता. असं दोन ओळींत सांगितलं की हसू येतं. आमच्या प्रेस शॉपमधले लोक हसलेही. सांडू म्हणून एक ऑपरेटर आहे, त्यानं तर चहाच्या सुट्टीत माझी नक्कल केली, डोळे मिटून, मान हलवत, आणि मीसुद्धा त्यांच्याबरोबर हसलो. हसलो नसतो तर त्यांनी विचार करायला सुरुवात केली असती, आणि विचार करायला लागल्यावर माणसं बरोबर ठिकाणी पोचतात.

करमाडच्या मराठ्याच्या जिभेवर कलमा कसा आला हे सांगायचं तर फार मागे जावं लागेल. अठराव्या वर्षी मी छावणीतल्या मैदानावर भरतीला उभा होतो. छाती भरली, उंची भरली, पळण्यात पंधरावा आलो, आणि शेवटी एका हवालदारानं पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. टाचा जुळायच्या आत माझे गुडघे एकमेकांना लागले. त्यानं खडूनं माझ्या दंडावर फुली मारली आणि पुढच्याला बोलावलं. ती फुली मी रस्त्यात पुसली नाही. घामानं ती आपोआप गेली. गावात कारभारी नावाचे सुभेदार होते, फौजेतून निवृत्त होऊन आलेले, मिशा अजून तशाच ठेवलेले. ते मला म्हणाले, "रामकिसन, गुडघं लागत्यात तर लागू दे. फौजेत पंडित बी असतो, धर्मगुरू. त्याला दौडीत थोडंच पळायचं असतं? त्यो पयल्याच दिवशी नायब सुभेदार व्हतो. मी तिथवर जायला अठरा वर्सं घातली."

"पंडित काय करतो, काका?"

"पूजा करतो, जवानांना शपथ देतो, सणाला परसाद वाटतो." मग त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "आन् कोनी जायला लागलं तर शेजारी बसतो. आमच्यात एक पोरगं व्हतं, केरळाकडचं, किरिस्ताव. पाद्री कुठून आनायचा त्या डोंगरात? आमचा पंडित त्याच्यापाशी बसला आन् त्याच्याच धर्माचं त्याच्या कानात बोलला. पोरगं हसलं रे. हसत गेलं."

त्या न पाहिलेल्या पोरानं मला वेड लावलं. शेतात वखराची पाळी घालताना, बीएचे पेपर बाहेरून देताना, वाळूजला कामाला लागल्यावर मशीनवर उभा असताना, मला त्याचं हसणं दिसायचं आणि त्याच्या शेजारी बसलेला माणूस मी असायचो. मला देवाची फारशी ओढ नव्हती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मला त्या माणसाच्या जागी बसायचं होतं. धर्मगुरू व्हायला पदवी लागते, वर संस्कृताची परीक्षा लागते, कर्मकांड येतं असा दाखला लागतो. चार वर्षं दर रविवारी मी पहाटेची एसटी पकडून पैठणला एका पाठशाळेत जात होतो. तिथल्या गुरुजींनी मला नको म्हटलं नाही, पण पहिलं वर्षभर आत न घेता ओसरीवर बसवलं. मी विसर्ग चुकवला की ते डोळे मिटून घ्यायचे, मला ओरडायचे नाहीत, आणि ते मिटलेले डोळे मला छडीपेक्षा जास्त लागायचे. दाखला मिळाला तेव्हा गावात थट्टा झाली. मराठ्याचा भटजी आला, म्हणायचे. पूजेला मला कुणी बोलावलं नाही. गावाला त्यांचे जोशी होते. माझे मंत्र मी घरातल्या भिंतीला ऐकवत होतो, आणि सरू, माझी बायको, भाकरी थापता थापता म्हणायची, "अवो, जरा हळू, शेजारच्यांना वाटतं आपल्यात काय झालं का काय."

पहिल्या खेपेला मी लेखी परीक्षेतच नापास झालो. दुसऱ्या खेपेला लेखी पास झालो, पुण्याला वैद्यकीय तपासणीला गेलो, आणि डॉक्टरांनी तीनदा पट्टा बांधून पाहिला, तिन्ही वेळा रक्तदाब चढलेला. का चढला ते करमाडला उतरल्यावर कळलं, जणू अंगाला माझ्याआधी बातमी लागली होती. आमचे दादा, म्हणजे वडील, त्याच सकाळी गेले होते. भाऊबंद माझी वाट बघून थकले आणि त्यांनी अग्नी देऊन टाकला. मी पोचलो तेव्हा राख कोमट होती. सगळे विधी मला पाठ होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि ते जोशीबुवांनी येऊन केले, मी बाजूला हात जोडून उभा. आईनं, आवडाबाईनं, मला एवढंच विचारलं, "पास झाला का?" मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि आत गेली.

तिसऱ्या खेपेला मी मुलाखतीपर्यंत पोचलो. टेबलामागे तीन अधिकारी होते. मी श्लोक म्हटले, संकल्प सांगितला, प्रश्नांना उत्तरं दिली, आणि शेवटी मधल्या अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवून विचारलं, "पंडितजी, किसी को मरते हुए देखा है? पास बैठकर?" मी नाही म्हटलं. "तो जवान का हाथ कैसे पकड़ेंगे?" यादीत नाव येणार नाही हे तिथेच कळलं. घरी परत येताना एसटीत मी हिशोब लावत बसलो की एवढ्या वर्षांत मला नेमकं काय कमी पडलं, आणि उत्तर स्वच्छ होतं. एक मरण कमी पडलं. दादांचं हाताशी आलं होतं, तेही चुकलं. हा विचार माझ्याच डोक्यात आला होता, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि तो आल्यावर मला लाज वाटायला हवी होती. नगरच्या स्टँडवर चहा पिताना थोडी वाटलीही.

आता एकच संधी उरली होती, कारण चौतीस पूर्ण झाल्यावर अर्जच घेत नाहीत. मी मरण शोधायला लागलो असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, पण दुसरा शब्द नाही. दोन रविवार मी घाटीत गेलो, मोठ्या दवाखान्यात, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. वाटलं, कुणाला तरी माणसाची गरज पडेल. दुसऱ्या रविवारी एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली, तिनं डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली आणि विचारलं, "तुमचं कोन हाये आत?" मी उठलो आणि सायकलला टांग मारून थेट घरी आलो. पुन्हा गेलो नाही. त्याऐवजी दुसऱ्यांच्या धर्माचं शिकायचं ठरवलं. निदान त्यात तरी कमी पडायला नको. छावणीत राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंनी ख्रिस्ती प्रार्थना लिहून दिली. आणि कलम्यासाठी फारूख होताच, शेजारच्याच सीटवर.

मी त्याला विचारलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला. "पढ़ा तो मुसलमान हो जायेंगा रे तू. फिर तेरी सरू मेरेकू गाली देंगी." मग त्यानं शिकवलं. क्रांती चौक ते वाळूज, रोज, महिनाभर. बसच्या आवाजात मी त्याच्या तोंडाकडे बघत म्हणायचो आणि तो बोटानं स्वतःचा गळा दाखवायचा. "हलक में से निकाल, पंडित. नाक में से नक्को." छावणीच्या फाटकावरून बस जायची तेव्हा मी बोलता बोलता फाटकातल्या पहारेकऱ्याकडे बघायचो, आणि फारूख मुद्दाम दुसरीकडे बघायचा. त्याचे आजोबा, अठ्ठेचाळीसला फौजेनं निजामाचं राज्य घेतलं त्या पोलीस ॲक्शननंतर, मरेपर्यंत त्या रस्त्यानं गेले नव्हते, असं त्यानं एकदा सांगितलं होतं. का, ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पैठणच्या गुरुजींसारखे त्यानं कधी डोळे मिटले नाहीत. शेवटी मला सगळं सफाईनं यायला लागलं तेव्हा त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मग एकदम गंभीर झाला. "एक बात सुन. इसको इम्तिहान का सवाल नक्को समझ. आदमी के आखरी वक्त की चीज है." मी म्हटलं, व्हय, समजलं. मला काही समजलं नव्हतं.

मग तो दिवस. नगर नाक्याच्या अलीकडे फारूख म्हणाला, "गरगरतंय रे." मी त्याच्याकडे वळलो. त्याच्या कपाळावर घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते, हात थरथरत होता. त्याला साखरेचा आजार आहे हे मला माहीत होतं. तो सकाळी गोळी घेतो हेही. माझ्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत डबा, डब्यात सरूनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू, गुळाचे. हे सगळं मला माहीत होतं. आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. नाका गेला, गोलवाडी मागे पडली, एवढा वेळ. त्याची बुबुळं वर गेली आणि तो सीटवरून घसरला तेव्हा माझ्या मनात जो पहिला शब्द उमटला तो 'अरे' नव्हता, 'फारूख' नव्हता. तो शब्द होता, 'आलं.' जणू मी थांब्यावर उभा होतो आणि गाडी दिसली. लोक ओरडले, ड्रायव्हरनं वेग वाढवला, कुणी बाटलीतलं पाणी मारलं. मी खाली फरशीवर बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, वाकलो आणि त्याच्या उजव्या कानात म्हणायला लागलो. हळू, न घाई करता, गळ्यातून. एकही अक्षर चुकलं नाही. माझा आवाज मलाच इतका चांगला वाटत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या जागी बसलो होतो, आणि मला, सांगायलाच हवं, आनंद झाला होता.

वाळूजच्या दवाखान्यात त्याला सलाईन लावलं आणि वीस मिनिटांत तो उठून बसला. तरुण डॉक्टर होता, हातातली सुई कचऱ्यात टाकत म्हणाला, "साखर उतरली होती. घाम फुटला तेव्हाच काही गोड दिलं असतं तर इथपर्यंत यायलाच नको होतं." फारूख माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, आता कसं वाटतंय, तर त्यानं मान भिंतीकडे वळवली. संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं, म्हणजे मला सांगायचं तेवढं. सरूनं डबा घासायला घेतला तर लाडू तसेच. ती थांबली. "अवो, मंग तुमी त्याला ह्यातला एक का नाय दिला?" मी म्हटलं, सुचलं नाही. तिनं ते लाडू दुसऱ्या डब्यात काढून ठेवले. त्यातला एकही मला पुन्हा खाववला नाही.

तर तो तीन रांगा पुढे बसायला लागला. सोमवारी, मंगळवारी, रोज. मी रुमाल टाकत राहिलो. शुक्रवारी पाळी सुटल्यावर मी उस्मानपुऱ्यात त्याच्या घरी गेलो. तो नव्हता; नमाजहून यायला उशीर होता. दाराशी अजरा आली, त्याची बायको. एरवी ती हसून आत बोलवायची, चहा ठेवायची. आज ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"भाभी, त्याला राग आलाय का माझा?"

"गुस्सा नाही, भाई. डरते हैं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "डॉक्टर म्हणतो, दिल एकदम ठीक है. दोन डॉक्टरला दाखवलं. पण हे म्हणतात, डॉक्टर काय बोलतो ते राहू दे, रामकिसन ने पढ़ा ना? तो इतना पढ़ा-लिखा आदमी, त्याला माझ्या तोंडावर काही दिसल्याशिवाय तो पढ़ेंगा का? उसको मौत दिखी." तिनं वळून आत पोरांकडे पाहिलं. "जेवत नाही बराबर. पोरांना जवळ घेऊन बसतात, एकदम घट्ट. सगळं आवरून ठेवतात, जैसे कि जाने वाले हैं. तुम्ही एकदा बोला ना, भाई. क्या दिखा था तुमको?"

मला बोलता आलं असतं. 'काही दिसलं नव्हतं. मी मरण शोधत होतो, तो समोर पडला, म्हणून म्हटलं.' दोन वाक्यं होती. ती बोललो असतो तर त्या घरातला माणूस त्या संध्याकाळी पोटभर जेवला असता. पण माझ्या शर्टाच्या खिशात मुलाखतीचं पत्र होतं, पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेचं, आणि ते छातीशी टोचत होतं. जो स्वतःच्या तोंडानं असं बोलला तो कुणाच्या उशाशी बसायला कसा जाईल? मी अजराला म्हणालो, "त्याला सांगा, सगळं ठीक हाये." ती माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि मी चपलांकडे बघत होतो. तिला काय समजलं ते तिच्या तोंडावर दिसलं. मी नजर चुकवली, म्हणजे खरंच काही पाहिलं होतं, असंच तिला वाटलं असणार. तिनं हळूच दार लोटून घेतलं.

नऊ तारखेला पुण्यात त्याच खोलीत मला बसवलं. अधिकारी वेगळे होते. श्लोक झाले, संकल्प झाला. चष्मा लावलेल्या एका वयस्कर अधिकाऱ्यानं फाइल चाळली आणि तोच प्रश्न विचारला, जवळजवळ त्याच शब्दांत. मी या प्रश्नाची वर्षभर वाट पाहिली होती. म्हटलं, "जी साहब. देखा है." आणि सांगायला लागलो. कंपनीची बस, माझा दोस्त, मुसलमान, अचानक पडला. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. त्यानंच मला शिकवलेला कलमा मी त्याच्या कानात म्हटला. तिघांनीही हातातलं काम थांबवलं. एकानं फाइल मिटली. चष्मेवाले पुढे वाकले.

"फिर?"

खोलीत पंखा फिरत होता. खरं सांगायचं तर पुढची गोष्ट लहान होती. फिर उसको सलाईन लगाया, साहब. फिर वो उठकर बैठ गया. ते हसले असते, वाईट मनानं नाही, चांगल्याच, आणि मग विचारलं असतं, पंडितजी, नाडी देखी थी? आणि तिथेच सगळं संपलं असतं, गुडघ्यांपासून सुरू झालेलं, पंधरा वर्षांचं. मी फारूखचा चेहरा आठवायला गेलो. तो आला नाही. त्याच्याऐवजी सुभेदार काकांचा तो केरळाकडचा पोरगा आला, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं हसणं मी उचलून फारूखच्या तोंडावर ठेवलं.

"साहब, वो मुस्कुराए," मी म्हणालो. "और चले गए."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शाबाश, पंडितजी," ते हळूच म्हणाले. मला पंडितजी तर त्या खोलीत सगळेच म्हणत होते, पण यावेळी ते मनापासून होतं. माझे डोळे भरून आले, आणि तेही खरे होते. बाहेर येऊन मी नळावर तोंड धुतलं तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना.

सहा आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं. सरूनं पेढे आणले, करमाडहून आई आली, कारभारी सुभेदारांनी फोनवर मला 'साहेब' म्हटलं. कंपनीत शेवटच्या शनिवारी मी बसमध्ये चढलो तेव्हा शेजारच्या सीटवर रुमाल टाकला नाही. उपयोग नव्हता. क्रांती चौकात फारूख चढला, तो बारीक झाला होता, दाढी वाढली होती, आणि पुढे न जाता तो माझ्या शेजारी येऊन बसला. बाबा पंपापर्यंत आम्ही दोघंही समोर बघत होतो.

"मुबारक हो, पंडित," तो म्हणाला.

"हां."

"जा रहा है तू. आता तरी खरं बोल." त्याचा आवाज खाली गेला. "उस दिन माझ्या तोंडावर काय दिसलं तुला?"

आता पत्र हातात होतं. आता खरं सांगून माझं काही जाणार नव्हतं, आणि म्हणूनच मी सांगितलं, हे मला त्याच वेळी कळत होतं. "काहीच नाय दिसलं, फारूख. तुझी साखर उतरली व्हती, मला माहीत व्हतं. माझ्या डब्यात लाडू व्हते. मला मुलाखतीसाठी कोनीतरी मरायला पायजे व्हतं, म्हून मी बघत बसलो."

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, तो थुंकेल, नाहीतर उठून जाईल. त्याच्या तोंडावरून एकामागून एक बरंच काही गेलं, आणि शेवटी जे उरलं ती सुटका होती. "मतलब कुछ नहीं था?" तो म्हणाला. "खाली तेरा इम्तिहान?"

"खाली माझा इम्तिहान."

"या अल्ला." तो सीटला टेकला आणि एकदम हसला, तीन महिन्यांचं साठलेलं हसू. "साले. मेरेकू वाटलं मी गेलोच." मग थोड्या वेळानं, डोळे मिटून, "साहब लोगों को मेरा किस्सा बताया क्या?"

"व्हय."

"जिंदा हूँ बोला ना?"

"व्हय," मी म्हणालो.

त्याचं समाधान झालं. नगर नाका यायच्या आत तो झोपला. किती दिवस नीट झोपला नसेल कुणास ठाऊक, त्याचं डोकं कलंडलं आणि माझ्या खांद्यावर आलं. छावणीचं फाटक गेलं. मी तिकडे पाहिलं नाही. तोंड उघडं, दाढीत दोन पांढरे केस, श्वास इतका मंद की शर्टाची बटणंही हलत नव्हती. वाळूज आलं. लोक उतरायला लागले. सांडू जाता जाता म्हणाला, "उठव की त्याला, पंडित." मी नावानं हाक मारली. फारूख हलला नाही. पुन्हा हाक मारली, त्याच्या हाताला हात लावला. हात गार होता. बस रिकामी झाली होती. आणि मी घाबरलो नाही. मी शांतपणे विचार केला की हा आता गेला असेल तर मी कुणाशी काहीच खोटं बोललो नाही, पुण्याच्या त्या खोलीतलं सगळं खरं होईल, आणि माझ्या अंगातून इतका थंड, इतका मोकळा वारा गेला की मी सीटला टेकून बसलो.

"आ गया क्या?" फारूखनं डोळे उघडून विचारलं.

मी हो म्हटलं. त्यानं जांभई दिली, माझ्या खांद्यावर हात टेकून तो उठला आणि खाली उतरला. मी बसूनच राहिलो. तो जिवंत आहे हे बघून माझी निराशा झाली होती, आणि सोमवारी मला लोकांच्या उशाशी बसायला निघायचं होतं.